जाऊन राहिलो

मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली आणि शेजारच्या सीटवरच्या माणसानं माझ्याच कादंबरीला नावं ठेवायला सुरुवात केली. बाहेर परतीचा पाऊस होता. काचेच्या फटीतून थेंब आत येत होते आणि पुस्तक भिजू नये म्हणून तो ते छातीशी धरून वाचत होता. तेवढ्यावर मी त्याला अर्धं माफ केलं.

"मॅडम, हे ‘खारगड’ वाचलं काय तुमी?"

"नाही बाई," मी साळसूदपणे म्हणाले. "चांगलं आहे का?"

"गोष्ट लय भारी हाय. पण हा नकाशा पाहा... इथी डोंगर, इथी सपाट. अन् नदी डोंगराकडं चढून राहिली! जिना लावला काय ह्या बाईनं नदीले?"

"जादूची नदी असेल."

"जादूले बी कायदा लागते, मॅडम. अन् हा राक्षस पाहा. खारपाणातला राक्षस, अन् म्हणते काय — ‘मी तुझा सर्वनाश करीत आहे’. पुण्याहून बदली होऊन आला काय?"

मला हसू आवरेना. "मग कसा बोलला पाहिजे?"

त्यानं आवाज जाड केला. "‘तुले खाऊन राहिलो मी. जास्त हालू नोको.’"

मी इतकी हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. मग त्यानं पुस्तक मिटलं, मागचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे... आणि त्याचे कान लाल झाले.

"तुमीच का... प्रियदर्शनी?"

"मीच. जिना लावणारी."

त्याचं नाव अनुप. अकोल्याला शिकवणीत भूगोल शिकवायचा. काच सरकवायला त्यानं बाही मागे घेतली तेव्हा हातावरची पट्टी दिसली.

"पडलात का?"

"नाई. डायलिसिसचा हात हाय हा." वेळ सांगावी तसं त्यानं सांगितलं. "आमचं गाव पूर्णेकाठचं. विहिरीचं पाणी खारं. बाबाबी असेच गेले. डॉक्टर दहा कारणं सांगते, गाव एकच सांगते." मग तो हसला. "तुमी खारगड मनानं रचलं, मॅडम. आमी तिथंच राह्यतो."

अकोला आलं तेव्हा मी त्याचा नंबर मागून घेतला.

लेखिका म्हटलं की लोकांना खिडकी, चहा आणि उडणारे केस आठवतात. मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात गठ्ठ्यांना लेबलं लावते, आणि अमरावतीहून तिथं जायच्या कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर अंगठ्यानं लिहिते. राण्या, किल्ले, शापित विहिरी, सगळं अंगठ्यानं. आई अजूनही समजते की पोरगी कोणाशी तरी चॅटिंग करते.

खारगड मला मामाच्या गावी सापडलं. तिथं विहिरीच्या पाण्यानं चहा फाटायचा. लहानपणी मला वाटायचं, विहिरीच्या तळाशी कोणीतरी बसून रडतंय, म्हणून पाणी खारट. पुढे त्या रडणाऱ्याचा मी राक्षस केला आणि पुस्तक लिहिलं. पण त्या पाण्याकाठची माणसं कशी झिजतात, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. राक्षस सोपा असतो, तो मारता येतो. मला माझीच लाज वाटली.

म्हणून दुसरा भाग लिहायला घेतला, आणि कसं बोलायचं ते विचारायच्या निमित्तानं रविवारी अकोल्याला जायला लागले. निमित्त खोटं होतं. वऱ्हाडी मलाही येत होती, फक्त कागदावर आणायची मला लाज वाटायची. डायलिसिसच्या दवाखान्यात अनुपच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून मी वाचायची, मशीन घरघरत राहायची, आणि तो डोळे मिटून चुका काढायचा.

"राणी ‘अगं बाई’ नाई म्हणत. ‘अवं माय’ म्हणते."

"राणी आहे ती!"

"मंग? राणीले माय नसते काय?"

दुसऱ्या भागात मी एक पाणक्या आणला होता. भूगोल पक्का, तोंडानं फटकळ, कान लगेच लाल होणारे. तो शापित विहिरीत उतरतो, राक्षसाला शांत करतो, आणि विहीर गोड होते. ते पान अनुप पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा. त्याला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. ओठ कायम कोरडे.

"वाच ना अजून... ते ओंजळीनं पाणी पितात ते," तो म्हणायचा. "तुह्या पुस्तकातच पोटभर पितो मी."

मी वाचायची. या माणसावर माझं प्रेम बसलं होतं आणि त्याचं काय करावं हे मला कळत नव्हतं.

"पाणक्या विहिरीतून वर येते काय?" एकदा त्यानं विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"खोटं नोको बोलू. डोये सांगून राहिले तुहे."

त्याच्या आईची, मनकर्णाबाईंची, किडनी जुळली नव्हती. यादीत नाव होतं आणि यादी हलत नव्हती. मग एका रविवारी मी पांढरी साडी नेसून गेले. आम्हा बौद्धांत लग्नाला पांढरंच नेसतात.

"कोणाचं लग्न हाय?" त्यानं विचारलं.

"माझं. नवरदेव तयार असला तर."

"येडी झाली काय? विधवा व्हायची एवढी घाई?"

मला असा राग आला! "तू मले माह्यं भविष्य नोको सांगू," मी ओरडलेच. "तू भूगोल शिकवतं. तेवढंच शिकव!"

नर्स धावत आली. अनुपचे कान लाल झाले होते. नर्स गेल्यावर तो हळूच म्हणाला, "पुस्तक छापून येऊ दे. मंग लगन. पक्कं." आणि पट्टी नसलेल्या हातानं त्यानं माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं, मशीन बंद होईपर्यंत. त्या दिवसापासून साडी माझ्या पिशवीतच राहायची.

मी अंगठा दुखेपर्यंत लिहिलं. पाणक्या विहिरीच्या काठावर उभा राहून गावाला म्हणतो, "मी जाऊन राहिलो," आणि उतरतो. तिथंच भाग संपवला, कारण पुढचं लिहायची माझी हिंमत नव्हती. पुस्तक पुण्याला गेलं. थंडीत प्रुफं आली. संपादक बाईंनी सगळे ‘राहिलो’ कापून ‘आहे’ केले होते, आणि शेवटच्या ओळीशी लाल शाईत लिहिलं होतं: ‘जाऊन राहिलो म्हणजे काय? गेला की राहिला? वाचक गोंधळेल. स्पष्ट करावे.’

अनुपला ते दाखवलं तर तो इतका हसला की मशीनची शिट्टी वाजली. "बरोबर विचारून राहिली बाई! गेला की राहिला?"

मीही हसले. आम्ही जन्मभर असंच बोलत आलो. येऊन राहिलो, जेवून राहिलो, जाऊन राहिलो. जाणाराही ‘राहिलो’ म्हणतो, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. प्रुफातले बाकीचे ‘राहिलो’ मी एकेक करून परत लावले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र लिहिता येईना.

त्यातच अनुपला इन्फेक्शन झालं. मनकर्णाबाईंचा फोन आला, "पोरी, ये वं." एवढंच. मी कारखान्यातून तशीच निघाले. अकोल्याला पोचले तेव्हा दुपारचं ऊन त्याच्या पलंगावर आलं होतं आणि तो उन्हाइतकाच पिवळा दिसत होता.

"काय कळवलं मंग त्या बाईले?" त्यानं विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"काही नाही."

"कळव ना... प्रिया, मी जाऊन राहिलो."

"असं बोलू नोको!"

"काहून? राहिलो म्हटलं ना शेवटी..." त्यानं डोळे मिटले, उघडले. "लय जीव हाय माहा तुह्यात. बसमध्ये फोटो पाह्यला ना, तवापासून. सांगितलं नाई, कारन तू वाट पाहत बसली असती."

"बसलेच ना तरी!"

"ते लुगडं हाय काय पिशवीत?"

मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये साडी नेसले. निऱ्या धड बसेनात. बाहेर आले तर मनकर्णाबाई दाराशी मेणबत्ती घेऊन उभ्या होत्या, पण आत ती पेटवू देत नव्हते. त्या तशाच हातात धरून उभ्या राहिल्या. अनुपनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा हात हातात घेतला आणि आम्ही दोघांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. त्याचं अर्ध्यावर थांबलं, उरलेलं मी म्हटलं.

"मस्त दिसून राहिली," तो म्हणाला.

पुस्तक छापून यायच्या आधीच लग्न लागलं, असं मी मानते. कागद नाही, फोटो नाही. दोन दिवसांनी अनुप गेला. पांढरं आमच्यात लग्नालाही चालतं आणि याही कामाला. मला साडी बदलावी लागली नाही.

पूर्णेच्या काठावरून परतल्यावर मी प्रुफं काढली. याही भागात तोच जुना नकाशा होता. आधी त्यावरची नदी खोडली आणि उताराकडे वाहती केली, तो सांगायचा तशी. मग शेवटचं पान उघडलं. लाल शाईतला प्रश्न तिथंच होता, गेला की राहिला?

त्याच्याखाली मी लिहिलं, ‘राहिला.’