दुसऱ्या कमानीच्या अलीकडे

हसतोस काय निकेश? कॅमेऱ्याच्या दोन कमानींच्या मधे गाडी हाणायची आणि दुसरीच्या अलीकडे चहा पीत मिनिटं काढायची, ही अक्कल काय तुझ्या एकट्याची नाही. विनेशही तेच करायचा. साहिल, तो मोबाइल ठेव खाली. विनेश माझ्या हाताखाली गाडी शिकलेला पोरगा. त्याच्याबद्दल खोटं सांगायला मला कुणी पगार देत नाही.

गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. विनेश न्हावा शेव्याहून पिकअप घेऊन माणगावला निघाला होता. त्याची आई, सोनाबाई, दम्यानं तिथल्या दवाखान्यात होती. तशी बरी होती. 'इथली चादर टोचते, माझी गोधडी आण,' एवढाच तिचा निरोप. हिरव्या काठाची गोधडी नीट घडी करून त्यानं शेजारच्या सीटवर ठेवली. वाटेत वडापाव खाल्ला. घाई कसली ती नव्हती.

रात्री नऊ पंचवीसला बहिणीचा फोन आला.

"दादा, आय कशीतरीच करतेय. तुझंच नाव घेतेय. डाक्टर म्हंतात, जवळच्यांना बोलवा... कुठं हायस तू?"

"आलो पूनम. आलोच. तिला सांग, मी येतोय."

पहिली कमान त्यानं नऊ बत्तीसला ओलांडली. हा कॅमेरा जुन्यासारखा नाही, की दिसला की ब्रेक मारला आणि सुटलो. पहिली कमान नंबर आणि वेळ टिपते. वीस किलोमीटरवरची दुसरीही टिपते. मग अंतर भागिले वेळ. साठच्या वर सरासरी गेली की पकडले गेलात. म्हणजे वीस मिनिटं लागलीच पाहिजेत. विनेशला बारा लागली. आईपायी पोरानं जिवाची पर्वा केली नाही.

पण दुसरी कमान दिसली आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. त्याचं लायसन आधी एकदा निलंबित झालेलं. पुन्हा पकडला गेलास तर कायमचं जाईल, असं बजावलेलं. लायसन गेलं तर ड्रायव्हरनं खायचं काय? आपण सगळे थांबतो त्याच टपरीपाशी, तेव्हा ती बंद होती, ऐनाच्या झाडाखाली तो थांबला. फक्त आठ मिनिटं. एरवी आपण तिथं टवाळक्या करतो. तो रडत होता रे. गाडीत बसवेना, म्हणून खाली उतरला.

रस्ता सामसूम होता. रातकिडेही गप्प झाले.

मागून एक गाडी आली. दिवे नाहीत. आवाज नाही.

पिकअप.

नंबर... त्याचाच.

त्यानं वळून पाहिलं. त्याची गाडी झाडाखालीच उभी. मग ही...?

स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. शेजारी एक बाई. डोक्यावरून गोधडी घेतलेली. हिरवा काठ.

"आये..."

तिनं पाहिलं नाही.

"आये, थांब गं... आठच मिनिटं..."

गाडी कमानीखालून गेली. वर लख्खकन उजेड पडला. मग अंधार.

भानावर आला तेव्हा नऊ त्रेपन्न झाले होते. सीटवर गोधडी तशीच होती, घडी घातलेली. दवाखान्यात पोचला तर पूनम दारातच उभी.

"कुठं व्हतास रं दादा? नऊ पन्नासला आय उठून बसली. म्हनली, 'आलो आम्ही, दार उघड.' मी उघडलं... कुनी न्हाय. मागं वळले, तवर..."

कमानीपासून दवाखाना सहा मिनिटांवर. न थांबता गेला असता, तर नऊ पन्नासला तो आईपाशी असता. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. ज्या लायसनसाठी थांबला, ते त्यानं माझ्यादेखत चुलीत घातलं. त्यानंतर गाडीला हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी दंडाची नोटीस आली. घरात नको म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. साहिल, बॅटरी धर इकडे. हा पहिला फोटो, नऊ बत्तीसचा. विनेश, आणि शेजारी घडी घातलेली गोधडी.

हा दुसरा. वेळ वाच, निकेश.

"नऊ... चव्वेचाळीस. पन काका, तवा तर तो..."

हो. तेव्हा तो झाडाखाली उभा होता. स्टिअरिंगकडे बघ. कुणी नाही.

आता शेजारी बघ.

गोधडी पांघरलेली आहे.