लाल कार्डाचा गुरुवार

ट्यूबलाइट कण्हते, हे मी लहानपणापासून सांगत आले आणि घरचे म्हणत आले, ‘हिचं काहीतरीच असतं.’ त्या गुरुवारी मात्र एक अनोळखी माणूस आमच्या गटाच्या खोलीत शिरला, छताकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “चोक गेलाय. कानात सुई टोचतेय.” मग खुर्चीवर चढून त्याने ट्यूबच काढून ठेवली.

मी तिथल्या तिथे प्रेमात पडले, असं सांगायला आवडलं असतं. खरं तर तीन आठवडे लागले.

आमचा गट म्हणजे सात मोठी माणसं. कुणाला ऑटिझम, कुणाला एडीएचडी. निदान होईपर्यंत सगळ्यांची तिशी उलटलेली. थेरपिस्टना आम्ही ताई म्हणतो. ताईंचा नियम एकच. प्रत्येकाने समोर कार्ड ठेवायचं. हिरवं असेल तर बोला. लाल असेल तर आभाळ कोसळलं तरी त्या माणसाला बोलतं करायचं नाही.

तो गटात नवा आलेला, लिफ्ट दुरुस्त करायचा. मी औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासते.

“लेबलबाई, माझ्यावर काय छापाल?” त्याने माझ्या मनगटाकडे बघत विचारलं. डोळ्यांत बघणं दोघांनाही जमत नाही.

“थंड, कोरड्या जागी ठेवावा.”

“आणि मुदत?”

“ती… तपासायची आहे अजून.”

तो चार सेकंद उशिरा हसला. मी मोजले.

मग एकदा म्हणाला, “बंदरावर नोकरी मिळतेय. लांब आहे, दोन वर्षांचा करार. पुढच्या शुक्रवारी सही करायची. त्याआधी गुरुवारी तुला एक विचारायचंय… तू हो म्हणालीस तर सही नाही करणार.”

“आत्ताच विचार की.”

“पाठ नाही झालं.”

अवघड बोलणं लिहून, पाठ करून आणायचं, हे ताईंनीच शिकवलेलं. मीही उत्तर पाठ केलं. एका अक्षराचंच होतं, तरी आरशासमोर आठवडाभर घोकलं.

बुधवारी माझे बाबा गेले.

घर माणसांनी भरलं. काका म्हणाले, “पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही बघा.” आत काय चाललं होतं ते बाहेर येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास मी चपला घालून निघाले, कारण गुरुवार होता. आत्या मागून जे बोलली ते लिहीत नाही.

खोलीत पोचेपर्यंत माझी वाचा गेली होती. हाताने सवयीने लाल कार्ड ठेवलं. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून. कार्ड बघितलं आणि शेजारी बसला. तासभर तो खिशातल्या कागदाची घडी चाचपत राहिला. मी मनात ओरडत होते, विचार, अरे विचार ना… पण कार्ड उलटायला बोट उचलेना. दुसऱ्या कुणीही मला खांद्याला धरून हलवलं असतं. तो तसं करणार नाही म्हणूनच तो मला आवडत होता. पाच वाजता तो उठून गेला.

आवाज परत यायला अकरा दिवस लागले. फोनची मला धास्ती, तरी केला.

“बाबा गेले होते. आदल्या दिवशी.”

त्याच्या मागे बंदरावरच्या यंत्रांची घरघर.

“मला वाटलं, लाल हेच उत्तर.”

“नव्हतं.”

“मी सही केली गं.”

“माहीत आहे. तरी विचार.”

“माझ्याबरोबर राहशील?” तो एका दमात म्हणाला.

“हो.”

आणि मला रडू फुटलं. बाबांसाठी की त्याच्यासाठी, कोण जाणे. तो ‘रडू नकोस’ म्हणाला नाही. ‘येतो’ही म्हणाला नाही, खोटा दिलासा त्याला देताच येत नाही.

“कामावर जायला वीस मिनिटं आहेत,” तो म्हणाला. “तोवर रड. मी आहे.”