नुसतं "निघा"

मोबाइल उलटे ठेवा आणि ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या शेजारच्या वायरलेसवाल्या काकांची आहे. गेल्या वर्षी, बारा डिसेंबर, शुक्रवार, रात्रीचे पावणेआठ. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून काका स्कूटर काढून औषधांच्या दुकानात गेले.

परतताना त्यांनी जुन्या विमानतळावरचा जवळचा रस्ता धरला. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत तिथे पोरांना विमान चालवायला शिकवायचे. आता दोन्ही धावपट्ट्यांचे रस्ते झालेत आणि त्या एकमेकींना छेदतात तिथे चौक आहे. बाविशीतले काका त्या पोरांना वायरलेसवर उड्डाणाचा हुकूम द्यायचे. आधी विमानाचा नंबर, मग "निघा". एका सकाळी घाईत नंबर राहिला. नुसतं "निघा" गेलं. दोन्ही पट्ट्यांवरची विमानं सुटली आणि मधोमध आदळली. चौकशीत काकांनी लिहून दिलं की मी चार नंबर म्हणालो होतो, सात नंबरच्या पोराने नीट ऐकलं नाही. पोर जिवानिशी गेलं, वर ठपकाही त्याच्याच माथी. काकांना मात्र बढती मिळाली. हे सांगताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

तर, चौकात स्कूटर बंद पडली. किक मारून मारून काका घामाघूम झाले. कडेला विशीतलं एक पोर उभं होतं, कानांवर हेडफोन. हल्ली सगळेच लावतात, काकांना काही वाटलं नाही.

"सर, निघू?" पोराने विचारलं.

काकांच्या हातून गोळ्यांची पिशवी पडली.

"नंबर सांगा ना, सर..."

काकांनी पुन्हा किक मारली.

"त्या दिवशीही नाही सांगितलात."

"नाही सांगितला," काका कसेबसे म्हणाले. "तू बरोबर ऐकलंस. मी खोटं लिहून दिलं."

पोर वळून अंधारात गेलं. आडव्या पट्टीवर इंजिन सुरू झालं. दिवा नाही. गाडी नाही. नुसता आवाज... जवळ... आणखी जवळ...

"सात नंबर, थांब," काका ओरडले.

आवाज बंद.

सकाळी काका मला तिथे घेऊन गेले. डांबरावर टायर घासल्याचे दोन ताजे काळे पट्टे, एकमेकांपासून चांगले दहा फुटांवर. एवढा रुंद ट्रक मी तरी पाहिलेला नाही. रात्री काका उभे होते त्या जागेच्या हातभर अलीकडे पट्टे संपले होते. काका तिथेच रस्त्यावर बसले आणि पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले.

"एका शब्दात थांबला रे," म्हणाले.