न दाबलेला ब्रेक

यशस्विनी ऑफिसात आली तेव्हा अंबाजीराव धूळ झटकत होते. म्हणजे एका फायलीवरची धूळ दुसऱ्या फायलीवर नेत होते.

कुवेंपुनगरातल्या त्या दीड खोलीवर आभा निकम या खाजगी तपासनीस बाईंची पाटी होती. बाई मूळच्या साताऱ्याच्या. अंबाजीराव चार पिढ्यांचे म्हैसूरकर. चौतीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवून ते निवृत्त झाले, बायको गेली, घर खायला उठलं. तेव्हापासून ते इथे मदतनीस होते. मदत किती होई हा प्रश्न बाईंनी कधी काढला नव्हता.

"मॅडम, माझं सायकलचं दुकान आहे," मुलगी म्हणाली. तिशीची असेल. नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा होत्या. "आमच्या गल्लीतला जय चामुंडी टेकडीच्या उतारावर पडला. हात मोडला. तो म्हणतो, मीच पाडलं."

"पोलिसांत गेलाय?"

"पोलीस बेडा, नकोच, मॅडम. तो केस करत नाही, नुसतं तोंड फिरवतो. संडेला परत जर्मनीला जाणार. त्याच्या आधी त्याला कळू दे, मी नाही केलं. तेवढंच पाहिजे मला."

तेवढंच म्हणताना तिने मनगटाने डोळे पुसले. अंबाजीरावांनी उगाच पंख्याचं बटण खालीवर केलं.

हकीकत अशी होती. दोघं एका गल्लीत वाढलेली. दर रविवारी पहाटे सायकलवरून टेकडी चढायची, हा त्यांचा शिरस्ता. सहा वर्षांपूर्वी जय नोकरीला परदेशी गेला आणि तिचे रविवार रिकामे झाले. यंदा तो दसऱ्याला बारा दिवसांसाठी आला. त्याची जुनी सायकल तिने मोठ्या हौसेने दुरुस्त करून, आयुधपूजेच्या सकाळी स्वतः घरी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला पहाटे, तो एकटाच टेकडीवर गेला आणि उतरताना पडला.

"ब्रेकला नेमकं काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"नवे पॅड घातले. डिस्क पुसली. मग अलाइनमेंट. म्हणजे मॅडम, चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून धरणारा चिमटा असतो ना, त्याचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची. चिमटा आपोआप मधोमध बसतो. तसाच आवळायचा. मग चाक फिरवून बघायचं, डिस्कच्या दोन्ही बाजूंनी उजेड दिसला पाहिजे. मी दोनदा बघितलं."

"लिव्हर, केबल?"

"त्यांना हात नाही लावला. जुनंच सेटिंग. उजव्या हाताला पुढचा, डाव्याला मागचा."

"मग तुझ्यावर संशय का?"

ती खाली बघू लागली. "काम करताना मी जयला हसत बोलले, 'असा ब्रेक लावते की तू परत जाऊच नाही शकणार.' जोक होता, मॅडम." थोडं थांबून ती म्हणाली, "अर्धा."

जयच्या घरी ओसरीवर त्याचे वडील भीमसेनराव भेटले. जन्म लेथ मशीनवर गेला, त्यामुळे बोटं अजून तेलकट वाटत.

"आयुधपूजेला मी सगळ्याला तेल देतो. मशीन, गेट, शिलाई मशीनसुद्धा," ते म्हणाले. "पण सायकलला देऊ दिलं नाही त्या पोरीनं. डिस्कला बोटसुद्धा लावू नका म्हणाली. नाही लावलं. देवाशप्पथ."

जयची आई, तुंगाबाई, पदराने डोळे टिपत होत्या. पाच दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं, असं भीमसेनरावांनी हळूच सांगितलं.

"पूजा मी केली," त्या म्हणाल्या. "अय्यो, कुंकू मी लावलं हो. चाकाला लावतात ना? मी त्या दोन चकत्यांना बोटभर लावलं, ओलं. त्यानंच झालं काय? पोराला नजरच लागली. आला त्या दिवशी रस्ता ओलांडताना उलटीकडंच बघत होता, ऑटोखाली जायचा स्वल्पात वाचला."

जय आत पलंगावर बसला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. बॅग अर्धी भरलेली. यशस्विनीचं नाव निघताच त्याचा चेहरा बंद झाला.

"टेकडीवरच्या नंदीच्या खालच्या वळणावर कुत्रं आडवं आलं," तो म्हणाला. "मी मागचा ब्रेक जोरात दाबला. फक्त मागचा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो, पुढचा दाबला की माणूस घसरलाच. सहा वर्षांत मागचाच वापरायची सवय झालीय. अख्खा उतार मागच्यावर आलो. पुढच्याला बोटही लावलं नव्हतं. तरी पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मी हँडलवरून पलीकडे."

'मागचा दाबला' म्हणताना प्लास्टरबाहेरची त्याची बोटं वळली आणि तो कळवळला. डावा हात मांडीवर स्वस्थ पडला होता. अंबाजीरावांनी पाणी पुढे केलं.

"पूजेनंतरची ही पहिलीच फेरी?" बाईंनी विचारलं.

"सहा वर्षांनंतरची पहिली."

"आणि यशस्विनीने मुद्दाम केलं, असं वाटतं?"

"वाटायला नकोय," जय म्हणाला. "पण न दाबलेला ब्रेक लागतो कसा, ते सांगा तुम्ही."

सायकल भीमसेनरावांनी टेम्पोतून आणून मागच्या शेडमध्ये कुलपात ठेवली होती, तेव्हापासून तिला कुणी शिवलं नव्हतं. बाईंनी पुढचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. चाक खाडकन थांबलं. सोडला, मोकळं फिरलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. मग त्या दोन्ही डिस्कशी वाकल्या.

"पुढच्या डिस्कवर कुंकू दिसतं का हो, अंबाजीराव?"

"नाही. पुसलंय साफ."

"आणि मागच्या?"

"हे काय. वाळलंय, पण आहे की बोटभर. पॅड घासतो त्या पट्ट्यावरच आहे, नोडी, बघा."

बाई हसल्या. अंबाजीरावांना ते हसू ओळखीचं होतं. ते दिसलं की आपल्याला काहीच कळलेलं नाही, एवढं त्यांना कळत असे.

परतताना त्यांनी आपला सिद्धांत मांडला. "भीमसेनानं तेल सोडलं असणार, चोरून. पोरगा राहावा म्हणून."

"तेलाने ब्रेक निसटतो, अंबाजीराव. अडकत नाही."

"मग तुंगाबाईंचं कुंकू."

"ते पहिल्या दाबात पुसलं जातं. पुढचं गेलंच की."

उरली यशस्विनी. ती पोरगी गुन्हेगार निघू नये, असं अंबाजीरावांना फार वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना जयच्या घरी बोलावलं. यशस्विनी दाराशीच उभी राहिली. जय खिडकीकडे बघत होता. मधोमध सायकल होती.

"ब्रेकपासून सुरुवात करू," बाई म्हणाल्या. "मागच्या डिस्कवर पूजेचं कुंकू अजून आहे. टेकडी चढून, उतरून, आपटूनही आहे. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ब्रेक न दाबता पॅड डिस्कला घासत नव्हता. यशस्विनीने चिमटा अचूक मधोमध बसवला होता. पुढचंही चाक मी फिरवून पाहिलं, ते आपोआप अडकत नाही. तिच्या कामात खोट नाही."

"आणि दुसरी?" भीमसेनराव.

"दुसरी जयला आवडणार नाही. जय, तू अख्खा उतार मागच्या ब्रेकवर आलास म्हणतोस. मग मागचं कुंकू पुसलं का गेलं नाही?"

जय वळला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"नाही. तू अगदी खरं सांगतोयस. मागचा ब्रेक कुठल्या हाताने दाबलास?"

"उजव्या. अर्थात."

यशस्विनीने तोंडावर हात नेला.

"परवा सांगताना तुझी उजवीच बोटं वळली होती. दुखत असूनही," बाई सावकाश म्हणाल्या. "मी चौकशी केली. जर्मनीत सायकलला मागचा ब्रेक उजव्या हाताला असतो. आपल्याकडे उजव्याला पुढचा. तिथे गाड्याही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने धावतात, म्हणून तर तू आल्या दिवशी उलटीकडे बघून रस्ता ओलांडत होतास. हळू चालवताना फरक कळला नाही. कुत्रं आडवं आलं तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. हाताने सहा वर्षं जे केलं तेच केलं, आणि सगळा जोर पुढच्या चाकावर आला. तुला कुणी पाडलं नाही, जय. तुझा हात इथलं विसरला होता."

जय उठून सायकलजवळ आला. डाव्या हाताने त्याने उजवी लिव्हर दाबली. मग खाली पुढच्या चाकाकडे बघितलं. परत दाबली.

तुंगाबाई एकदम रडू लागल्या. "मला वाटलं, देवीनंच ऐकलं माझं. मी चामुंडीला मागितलं होतं रे, पोराला थोडे दिवस ठेवून घे म्हणून. अन् तिच्याच टेकडीवर पडलास! तोंडात घास जाईना माझ्या."

"अम्मा, तसं नाही गं," जय म्हणाला. मग त्याने यशस्विनीकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. "सॉरी, यशू. तुझ्यावर घातलं, कारण..." तो अडखळला. "सायकल मी विसरलो असेन, हे डोक्यातच आलं नाही."

"मीपण तेच मागितलं होतं," यशस्विनी म्हणाली. "तू राहावास म्हणून. सहा वर्षं मागतेय. पण असा मोडून नको होतास मला. नीट, उभा पाहिजे होतास."

एवढं बोलून तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. ती पायरी उतरली आणि चपला शोधू लागली. जय तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला. "उद्या दुकानात येऊ?" त्याने विचारलं. ती वर न बघता म्हणाली, "नऊला उघडतं."

रिक्षा कुवेंपुनगरात आली तेव्हा अंबाजीरावांनी न राहवून विचारलं.

"बाई, रविवारी जाईल काय हो तो?"

"जाईल, अंबाजीराव. बॅग पाहिलीत ना तुम्ही."

चार वर्षांत आभाबाईंचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि त्याचा अंबाजीरावांना अभिमान होता. आज तो चुकावा म्हणून ते घरी पोचेपर्यंत देवाला विनवत राहिले.