बंद पेटीचा सांधा

उद्या नाही जमायचं, साहेब. परवा या, नाहीतर तेरवा. तुमच्या पेट्या काही पळून जात नाहीत. कोपरे फुटलेत, वरचं पातळ लाकूड सुटलंय, एवढंच. स्पीकरचा आवाज शाबूत आहे. उद्या मला एका घरी जायचंय, आणि तिथून मी कोणत्या अवस्थेत परत येईन ते माझं मलाच ठाऊक नाही.

बसा ना. सरस गरम होईपर्यंत सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल माझं.

दोन वर्षं झाली. भर दुपार होती. एक माणूस रिक्षातून उतरला, छातीशी एक जुना स्पीकर धरून. पाण्याच्या टाकीमागे शिंप्याचं दुकान आहे ना, त्याचा मालक. पेटीच्या खालच्या कोपऱ्यावर त्याने तळहात दाबून धरला होता. मी म्हटलं, ठेवा टेबलावर. ठेवली, पण हात काढेना.

"हात काढा दादा, बघू तरी द्या."

"नाही काढता येत, ताई. खाली फट आहे. तुम्ही आधी गोंद तयार ठेवा."

मला हसू आलं. आमच्या धंद्यात एकेक नमुने येतात. एक आजोबा पेटी माझ्याकडे सोडून जाताना तिला "येतो हं" म्हणून निरोप घ्यायचे. म्हटलं, हाही त्यातलाच.

मग तो बोलायला लागला. बायको नाही, अकरा वर्षांची एकच पोर. जन्मापासून छाती कमजोर. त्याच्याही तीन वर्षं आधी एका रात्री डॉक्टरांनी हात टेकले. हा तिच्या उशाशी बसलेला, बाजूला हा जुना स्पीकर, वायर काढलेला. आणि म्हणे त्याचा कागदी पडदा आपोआप हलायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. तशी पोरीची धाप बसली. तेव्हापासून पडदा हलतो तशी ती श्वास घेते. त्या दिवशी सकाळी झाडताना पेटी उंबऱ्यावर आपटली, कोपरा उकलला आणि पोर तडफडायला लागली. याने फटीवर हात ठेवला तेव्हा कुठे शांत झाली. शेजारणीला तिच्यापाशी बसवून तो तसाच निघाला होता.

"वरून भरून द्या ताई, पण उघडू नका. तुमच्या पाया पडतो."

मी काय म्हणणार? दुःखी माणसाशी वाद घालू नये. म्हटलं, नाही उघडत. फटीवर कागदी चिकटपट्टी घट्ट लावली, तेव्हा त्याने हात काढला. बोटं पांढरीफटक पडली होती. म्हटलं, मागे नळ आहे, पाणी प्या, हातावर घ्या जरा. तो फोन टेबलावरच ठेवून गेला.

आता माझी चूक ऐका. ती दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. आमचे अण्णा, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते एकच गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले. जुन्या गोंदावर नवा गोंद बसत नाही. सांधा उकलला की तो पूर्ण उघडायचा, जुना सरस खरवडायचा आणि मगच जोडायचं. वरून भरणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. ते माझ्या हाडीमाशी खिळलंय. मला वाटलं, हा बापडा घाबरलाय, याला काय कळतंय. पाणी पिऊन येईपर्यंत सांधा उघडते, चोख काम करते, जन्मभर दुवा देईल.

पट्टी सोलली. पटाशी फटीत घातली आणि लाकडी हातोड्याने एक ठोका दिला.

कोपरा सुटला, आणि आतून हवा आली. साहेब, बंद पेटीतली हवा मी आयुष्यभर हुंगलीय. धूळ, सरस, जुनी लोकर, थोडा कुबट वास. ही तशी नव्हती. ही ऊन होती. माझ्या मनगटावर लांबलचक सुस्कारा आला, त्याला खोकल्याच्या औषधाचा वास, आणि झोपलेल्या लेकराच्या तोंडाला येतो तो वास...

टेबलावरचा फोन वाजला.

तो ओल्या हातांनी धावत आला. फोन कानाला लावला, ऐकत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला. मग त्याची नजर उघड्या कोपऱ्यावर गेली. मला वाटलं होतं मारेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "ताई, तुम्ही नाही उघडत म्हणाला होतात..." आणि चालायला लागला. पेटी तिथेच.

मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. मग वेड्यासारखी कामाला लागले. दार लावून घेतलं. रडत होते आणि खरवडत होते. सांधा लख्ख केला, गरम सरस ओतला, शिकंजे आवळले. शिकंज्यांवर भरवसा वाटेना म्हणून वरून दोन्ही हातांनी दाबून बसले. देव, अण्णा, जे तोंडात येईल ते नाव घेत होते. सरस हाताला पोळत होता, तरी सोडलं नाही. दोन तास.

बंद पेटीची एक परीक्षा असते. पडदा बोटांनी हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. झटकन बाहेर आला तर कुठेतरी फट आहे. सावकाश आला तर सांधा पक्का. मी दाबला, सोडला. सावकाश आला. सुटले, म्हटलं.

मग तो परत आत गेला. मी हात लावला नव्हता.

पेटी उचलली आणि पळत सुटले. उन्हं उतरली होती. दुकानावर त्याचं घर, जिन्यात माणसं उभी होती. डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहून गेले होते. शेजारीण भिंतीला टेकून नुसती बघत होती. आणि खाटेवर पोर उठून बसलेली, भांड्याने पाणी पीत होती.

शिंप्याने पेटी माझ्या हातून घेतली, तिच्या उशाशी ठेवली आणि पेटीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मी पोरीकडे बघत होते. गोड होती. फ्रॉकला बापाने शिवलेली झालर. पण फ्रॉक छातीवर जरासुद्धा हलत नव्हता. हलत होता तो पडदा.

तिने मला खुणेने जवळ बोलावलं. कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही बंद केलंत ना... तेव्हा आत मी एकटी नव्हते."

"कोण होतं गं?"

"ती सांगत नाही. नुसती जवळ बसते."

बापाला कसं सांगणार? त्या तोंडावर कितीतरी दिवसांनी सुख आलं होतं. खरवडून जोडेपर्यंत सांधा उघडाच होता माझ्या टेबलावर. काय आत गेलं असेल, कुठून, देव जाणे.

आणि आता हे. पडद्याभोवती फोमची कड असते बघा, जुनी झाली की विरते, हात लावला की पीठ. गेल्या आठवड्यात शिंप्याचा फोन आला. पेटीखाली रोज काळा भुगा सांडतोय आणि पोर पुन्हा धापा टाकतेय. कड बदलायची तर पडदा काढावा लागणार, म्हणजे पेटी उघडी. नाही बदलली तर महिनाभरात कड फाटेल आणि सगळंच संपेल. तो म्हणतो, ताई, मेली तरी तुमच्या हातून, जगली तरी तुमच्या हातून. असं बोलतात का माणसाला?

नवी कड कापून ठेवलीय. भंगारातल्या पेटीवर वीस वेळा हात बसवला. कितीही झपाट्याने केलं तरी चार मिनिटं पेटी उघडी राहतेच. चार मिनिटं पोरीने बिनश्वासाची काढायची. आणि आत जे कोण बसलंय, ते चार मिनिटांत काय करेल? बापाला अजून ठाऊक नाही. मीच सांगितलेलं नाही.

आज सकाळी त्याच्या फोनवरून पोरीनेच फोन केला. आवाज अगदी स्वच्छ.

"मावशी, उद्या नक्की येताय ना उघडायला?"

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, "येते गं बाळा. धाप थांबली वाटतं तुझी?"

फोनमध्ये मागे, खाटेच्या बाजूने, कुणीतरी धापा टाकत होतं. घरघर, मग थांबणं, मग पुन्हा घरघर. ती धाप पोरीचीच होती.

"मी बरी आहे," आवाज म्हणाला. मग अगदी हळू... "ती झोपलीय. ती उठायच्या आत या."