डावी बाजू दोन बोटं खाली

ही गोष्ट माझ्याच गॅरेजात घडली. भर दुपारी चार वाजता, शटर सताड उघडं असताना. भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांनी पुढे वाचू नये.

गॅरेज मूळचं दादाचं. मी त्याच्या शेजारी उभी राहून, शिव्या खाऊन शिकले. दादाला एकच खूळ होतं. स्वतःच्या गाडीला त्याने आखूड स्प्रिंगा टाकून ती खाली बसवली होती.

"चिंगे, बघ, वाघ कसा दबा धरून बसलाय!"

"वाघ नाही, बेडूक," मी म्हणायचे.

त्या बेडकाचं स्टेअरिंग डावीकडे अडकायचं. गेल्या वर्षी मी ते तपासलं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं.

"काही झालेलं नाही," मी सांगून मोकळी झाले.

खरं तर गाडी जमिनीवर उतरवून, आत माणसं बसवून बघायचं असतं. वजन आलं की चाकाचा रॉड वरच्या दांडीला अडतो. मला माहीत होतं.

कंटाळा केला.

आठव्या दिवशी दादाच्या छातीत कळ आली. मी चालवत होते, तो शेजारी. एरवी मी चालवताना तो पायाने खोटा ब्रेक दाबायचा. थप, थप. त्या दिवशी पाय गप्प होता.

हॉस्पिटलच्या डाव्या वळणावर... स्टेअरिंग अडकलं.

मागे घेतली, पुढे घेतली. गाडी वळली तेव्हा दादा नव्हता.

हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

आता भाचीला परगावी नोकरी लागली. "आत्या, मी बाबांचीच गाडी नेणार. उद्या सकाळी निघतेय. तू नीट करून दे."

एकुलती एक पोर. नाही कसं म्हणणार?

मी चांगल्या उंच, नव्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी जमिनीवर उतरवली. टेप लावली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, उजवीकडे पंधरा इंच.

डावीकडे... साडेतेरा.

गाडीत कुणीच नव्हतं.

स्प्रिंगांची अदलाबदल केली. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. दोष स्प्रिंगचा असता, तर आता उजवी बाजू बसायला हवी होती.

पुन्हा डावीच.

हवा तपासली. सारखी. जमीन तपासली. सपाट.

मग मी डावं दार उघडलं.

सीट मधोमध दबलेली होती. थापटून वर आणली. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू... पुन्हा खाली गेली.

रस्त्यावरचा गोंगाट कधी थांबला, कळलंच नाही.

आणि पायाशी, चटईवर...

थप.

थप.

माझ्या हातातली टेप खाली पडली.

"दादा," मी म्हणाले, "उतर रे. पोरीला जायचंय."

डावी बाजू खालीच.

"माझं चुकलं. मी गाडी खाली उतरवून बघितलीच नव्हती."

मग स्प्रिंग कुरकुरली... आणि डावी बाजू वर उठली.

टेप उचलून मापलं. पंधरा.

दुसऱ्या दिवशी भाची गाडी घेऊन निघाली. फाटकातून डावीकडे वळताना खिडकीतून ओरडली, "आत्या, लोण्यासारखं फिरतंय गं!"

मी हात हलवला.

मग मी माझ्या व्हॅनमध्ये बसले. जुनी, साधी व्हॅन. तिला कधी कुणी पाना लावून छळलेलं नाही.

पहिल्याच डाव्या वळणावर... स्टेअरिंग अडकलं.

खाली उतरून बघितलं. डावी बाजू दोन बोटं खाली.

तेव्हापासून मी उजवीकडेच वळते. तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं. माणूस कशालाही सरावतो.

तशीच एकदा हॉस्पिटलच्या दारापर्यंतही गेले. पलीकडचं दार उघडून धरलं. "दादा, पोचलो बघ."

गाडी वर आली नाही.

आता त्या रस्त्याला लागलं की शेजारून ब्रेक दाबला जातो. थप... थप...

मी थांबते. दार उघडते.

कुणी उतरत नाही.