सोडा आता, जावईबापू

हे मी बायकोलाही आजवर पूर्ण सांगितलेलं नाही. मीठमसाला लावायची इच्छाही नाही. जसं घडलं तसं लिहितोय.

असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही वाटायचं.

रविवार होता. दुपारचे तीन.

माझ्या सासऱ्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. त्यांना मी मामा म्हणतो. वय चौसष्ट. डावा गुडघा कामातून गेलेला, पण जीभ रंध्यापेक्षा धारदार. मी कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी त्यांना मदत करायचो. सोमवारी सकाळी एक कपाट द्यायचं होतं, म्हणून शटर अर्धं ओढून आम्ही दोघंच आत होतो. गल्लीतली बाकी दुकानं बंद.

"जावईबापू, स्क्रू आहे तो! विनवण्या कसल्या करताय? पिळा!"

मी हसलो. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायला वळलो...

धप्प.

मामा भुशात उताणे पडले होते.

"मामा? अहो मामा!"

खांदे हलवले. उत्तर नाही. एकदाच घोरल्यासारखा आवाज आला. मग... काहीच नाही.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता.

"गाडी निघाली आहे. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा. कोपरं ताठ. जोरात, भरभर दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. थांबू नका."

कारखान्यात हे एकदा शिकवलं होतं, रबरी पुतळ्यावर. आम्ही मागे बसून टिंगल करत होतो.

पुतळ्याची बरगडी मोडत नाही. मामांची मोडली. कट्... हाताला कळलं.

"बाई, काहीतरी मोडलं!"

"मोडू द्या. दाबत राहा."

दाबत राहिलो. घाम डोळ्यांत जात होता. दंड भरून आले. मध्येच घसा फुटेस्तोवर ओरडलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आणि तेव्हा... वर पोटमाळ्यावर कुणीतरी चाललं.

एक पाय ठक्... दुसरा फरफटत.

ती मामांची चाल होती.

मामा तर माझ्या हाताखाली होते.

"दादा," फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासोबत अजून कोणी आहे ना? त्यांना बोलवा. आळीपाळीने दाबा."

"कोणी नाही हो!"

"मग... हे बोलतंय कोण?"

मला तोवर बोलणं ऐकूच आलं नव्हतं.

लाकडी जिना करकरला. एक पायरी... दुसरी... ठक्, फर्र. ठक्, फर्र.

माझ्या पाठीमागे येऊन आवाज थांबला.

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. माझा स्वतःचा श्वासही ऐकू येईना.

"दमलात, जावईबापू. सोडा आता."

मामांचाच आवाज. इतक्या मायेने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

शरम वाटते सांगायला... माझे हात थांबले.

"दादा! थांबलात का? दाबा!" फोनमधल्या बाई किंचाळल्या.

मी रडत रडत पुन्हा दाबायला लागलो. "मामा, तुमच्या लेकीला काय तोंड दाखवू मी? उठा हो!"

"सोडा म्हणतोय ना."

या वेळी त्या आवाजात माया नव्हती. मानेवर गार झुळूक आली. मी मागे बघितलं नाही. डोळे मिटले आणि दाबत राहिलो.

गाडीवाले शटरखालून कधी आत आले, कळलंच नाही. त्यांनी मला बाजूला ओढलं. मशीनने एक झटका दिला. दुसरा दिला.

"नाडी लागतेय!" कुणीतरी म्हणालं.

मी तेव्हा कुठे मागे बघितलं. जिना रिकामा होता.

नंतर पोटमाळ्यावर चढून पाहिलं. फळ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. चालणं सोडा, तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

नवव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मामा नीट बोलायला लागले. बायको औषधं आणायला खाली गेली होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

"दुकानात तुमच्या मागे कोण उभं होतं हो?"

मी आवाज खाली आणला. "तुमचाच आवाज होता, मामा. सोडा म्हणत होता."

त्यांचे डोळे भरून आले.

"मी तर तुमच्या हाताखालीच होतो. सगळं ऐकत होतो. ओठ हलत नव्हते... पण जीव तोडून ओरडत होतो. सोडू नका, जावईबापू. सोडू नका."

त्यानंतर हा विषय आम्ही कधीच काढला नाही.

दीड वर्ष झालं. मामा आता आमच्याकडेच राहतात. जीभ पूर्वीसारखीच. कधी कधी आतल्या खोलीतून हाक येते, "जावईबापू!"

बायको वैतागते. "बाबा हाक मारतायत. ओ द्यायला काय होतं तुम्हाला?"

मी ओ देत नाही. आधी उठतो. दारापर्यंत जातो...

त्यांचे ओठ हलताना दिसले, तरच बोलतो.